रेघपुसे बाबांचं कपाळ

पोलादपूरच्या त्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. वाडीवाडीवरून टेंपो भरून बायका आल्या होत्या, आणि महाडच्या शिकल्यासवरलेल्या वहिनीही गॉगल डोक्यावर चढवून रांगेत उभ्या होत्या. स्टेजवर रेघपुसे बाबा. वय म्हणे एकशे दहा, आणि कपाळ धुतलेल्या पाटीसारखं कोरं!

"सटवीनं जन्मतःच कपाळावर लेख लिहिला," बाबा माइकवर सुरात सांगत होते, "त्याच ह्या रेघा! दारिद्र्याची रेघ, दुखण्याची रेघ, सवतीची रेघ! रेघ पुसली की भोग पुसला! देवीचा काटा लागला की आठ दिवसांत कपाळ कोरं! बोला, आईचा..."

"उदो!" सगळं कार्यालय गरजलं.

भक्तांनी डोळे मिटायचे. बाबा करवंदीच्या डहाळीनं कपाळाला टोचणार आणि वर तीर्थ शिंपडणार. तीर्थ हिमालयातलं, म्हणून थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवलेलं. आणि आठ दिवसांत रेघा खरोखर जायच्या! मग हात कोण जोडणार नाही?

मी जोडले नाहीत. मी महाडला कातडीच्या विकारांचा दवाखाना चालवते, आणि मागच्या खुर्चीवर बसून नीट बघत होते. बदला घ्यायचा तर आधी माणूस पारखावा लागतो.

बदला माझ्या ठकूबाई काकीचा. तिच्याकडे राहून मी शाळा शिकले. लेकीच्या, दिशाच्या, लग्नात विघ्न नको म्हणून ती बिचारी कपाळाची रेघ पुसून आली, आणि काही दिवसांत तिची उजवी पापणी खाली आली. घाबरून ती पुन्हा बाबांकडे धावली. बाबांनी भर सभेत तिच्याकडे बोट केलं. "हिची नजर वाईट! देवीनं डोळा मिटवला. शुभकार्यात हिचा हात लागता कामा नये!"

दिशाची होणारी सासू तुळसाबाई बाबांची भक्त. तिनं लगेच निरोप धाडला, नवरीला आईनं हळद लावायची नाही. रावजीकाकांनी मान डोलावली.

"तेजू, माझ्या दिशाला मीच नाय गो हळद लावायची?" काकी पदरानं डोळा झाकून म्हणाली. "खरंच माझी नजर वाईट हाय काय गो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला भुवया वर करायला सांगितलं. भुवया तसूभर हलल्या नाहीत. तेव्हाच सगळं ध्यानात आलं.

"काकी, डोळा उघडेल तुझा. हा औषधाचा परिणाम आहे, शाप नाही."

"डॉक्टर देवीपेक्षा मोठी झाली काय?" काका खेकसले.

"बरं काका. मग हळदीला बाबांना मानानं बोलवा."

हळदीच्या संध्याकाळी मांडवात बाबा खुर्चीवर, शेजारी तुळसाबाई, पायाशी तो तीर्थाचा डबा. काकी चुलीपाशी, लपून. मी पुढे झाले.

"बेटी, तुझ्या कपाळावर लय रेघा," बाबा म्हणाले.

"राग येतो ना मला, म्हणून. बाबा, एक शंका आहे. जरा भुवया वर करून दाखवा."

बाबा हसले, म्हणजे नुसते ओठ हसले. "संत संसाराकडे बघून भुवई उंचावत नाहीत."

"असं होय! पण बाकीच्या तर संसारी आहेत. काटा घेतलेल्या सगळ्यांनी उचला बघू भुवया!"

तुळसाबाईंनी जोर लावला. डोळे बटाट्याएवढे झाले, भुवया जागच्या जागी. शेजारणीचंही तेच. पोरं खिदळायला लागली. "अगो, हालत नाय! कुणाचीच हालत नाय!"

मी डबा उचलला.

"तीर्थाला शिवू नको, भस्म होशील!"

"होऊ दे," म्हणत मी तो पाटावर उपडा केला. बर्फातून औषधाची बाटली निघाली, बारीक सुयांच्या सिरिंजा निघाल्या. डब्यातल्याच करवंदीच्या डहाळीला मागून एक सिरिंज दोऱ्यानं बांधलेली होती.

"बघा देवीचा काटा! एका जंतूचं विष आहे हे, अगदी सूक्ष्म मापानं वापरायचं. ज्या स्नायूत जातं तो लुळा पडतो. स्नायू हलला नाही की कातडीला घडी पडत नाही. झालं! तीन-चार महिन्यांत असर उतरतो, रेघा परत येतात. तेव्हा हा म्हणणार, भक्ती कमी पडली. हेच इंजेक्शन मी दवाखान्यात देते, पण सांगून, तपासून, मापून. ह्याची सुई चुकली, औषध पापणीच्या स्नायूत उतरलं. चूक ह्याची आणि पापीण माझी काकी?"

बाबा उठले. तुळसाबाई आडव्या आल्या. "बस खाली, मेल्या! माझ्या विहिणीला लेकीपासून तोडायला लावलंस मला?"

पोलिसांना मी आधीच कळवलं होतं. ते येईपर्यंत मी बाबांच्या हातात माइक दिला. "म्हणा, माझी सुई चुकली."

तो पुटपुटला.

"मोठ्यानं!"

मला सांगायला लाज वाटत नाही, मी त्याच्याकडून ते पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. घाम गळत होता, पण कपाळ कोरंच. बिचाऱ्याला घाबरल्याचं तोंडही करता येईना! मी पोटभर बघून घेतलं.

मग काका चुलीपाशी गेले. "चल ठकू. चुकलं माझं." काकीनं आंब्याच्या पानानं दिशाला पहिली हळद लावली, आणि मायलेकी गळ्यात पडून रडल्या.

बायांनो, बाप्यांनो, रेघा सटवी लिहीत नाही. ऊन लिहितं, वय लिहितं, शेतातली मेहनत लिहिते. त्या घालवायच्या तर खुशाल डॉक्टरकडे जा, पण काय टोचतोस, कशाला टोचतोस, हे विचारल्याशिवाय कुणापुढे डोळे मिटू नका.

गणपतीच्या आधी काकी दवाखान्यात आली. दोन्ही डोळे टक्क उघडे. भुवया जितक्या वर जातील तितक्या वर नेऊन म्हणाली, "बघ गो तेजू, आल्या माझ्या रेघा परत!"