घरात कोणी राहत नाही

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. पंक्चरवालीने दुकानाची फळी ओढली आणि तशीच ग्रीसच्या हातांनी ती तिथे गेली. सोबत नवरा होता. तो शाळेची बस चालवायचा आणि तोंड फक्त जेवायला उघडायचा, असं सगळे म्हणायचे.

कोळशाच्या खाणीला आता रस्त्यापर्यंत यायचं होतं. रस्ता उचलून टेकडीमागून न्यायचा आणि त्याच्या खालचा कोळसा काढायचा, असा बेत होता. पण राहत्या घराला इतकं खेटून खणायचं तर घरवाल्यांची संमती लागते. ती मागायला कोणी येईल आणि आपण त्याला उभ्याउभ्या परत पाठवू, म्हणून पंक्चरवाली कधीची वाट बघत होती. कोणी फिरकलंच नाही. का, ते त्या दिवशी कळलं.

खाणीचा इंजिनिअर उठला. "रस्त्याला लागून एकच घर आहे. पुढे पत्र्याचं दुकान, मागे दोन खोल्या. पण तिथे कोणी राहत नाही. त्यामुळे संमतीचा प्रश्न येत नाही."

तिला आधी वाटलं, दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय. मग तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"साहेब, परवा तुमच्या जीपचं चाक मी काढलं. तेव्हा मी काय आभाळातून पडले होते?"

हॉलमध्ये हशा पिकला. इंजिनिअर हसला नाही. "आम्ही चौकशी केली होती. तुमच्याच घरच्या माणसाने सांगितलं की दुकान तेवढं उघडता, राहायला दुसरीकडे आहात."

"कोणत्या माणसाने?"

त्याने नाव घेतलं नाही, पण त्याची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. तिथे तिचा थोरला दीर बसला होता, अंगात खाणीचा नवाकोरा गणवेश. गेल्याच महिन्यात तो खाणीच्या फाटकावर पहारेकरी म्हणून लागला होता. याचं नशीब उघडलं, असं तेव्हा सगळ्या गावाला वाटलं होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "आई कुठे राहतात?"

दीर गुडघा खाजवत राहिला. "इथे नको. घरी बोलू."

"कोणत्या घरी? तिथे तर कोणी राहत नाही."

या वेळी कोणी हसलं नाही. जन्म दिलेल्या बाईला या माणसाने एका नोकरीसाठी घरातून पुसून टाकलं होतं.

सुनावणी घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "जागेची पाहणी होईल. त्याची पद्धत असते, सवडीने कळवू." त्यांनी चष्मा काढला. लोक त्यांच्याभोवती गोळा झाले. नवऱ्याने पंक्चरवालीचं मनगट धरलं, तिला बाहेर आणलं, बसमध्ये बसवलं आणि बस घराकडे हाणली.

परतीच्या वाटेवर बाईंची गाडी मागून आली, तेव्हा दुकानासमोर बस रस्त्यात आडवी उभी होती. बाईंच्या ड्रायव्हरने हॉर्नवर हॉर्न मारले. नवरा सावकाश खाली उतरला.

"गिअर अडकलाय," तो म्हणाला. "वेळ लागेल."

पंक्चरवालीने गाडीचं दार उघडलं. "उन्हात कशाला बसता मॅडम? आत चला. रिकामंच आहे घर."

बाईंनी बसकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं असावं. त्या उतरल्या.

आत खाटेवर सासू बसली होती. भिंतीच्या भेगांमध्ये चिंध्या कोंबलेल्या, भांडी सगळी पालथी, तरी त्यांच्यावर काळी भुकटी. बाई स्टुलावर टेकल्या. तेवढ्यात रस्त्यापलीकडे भोंगा वाजला. म्हातारीने शेजारचा पाण्याचा पेला मांडीवर घेतला आणि तो तळहाताने झाकला. मग सुरुंग उडाला. जमीन हलली, छतातून माती गळाली आणि म्हातारीच्या हातावर पडली. तिने हात झटकला आणि ती पाणी प्यायली.

"रोज होतं हे?" बाईंनी विचारलं.

"रविवारी नाही," म्हातारी म्हणाली.

पुढे निकाल लागला. रस्ता आहे तिथेच राहिला आणि त्या घराच्या बाजूने खणायला मनाई झाली. पण खाण थांबली नाही. ती खाणीमागच्या वस्तीकडे वळली, जिथल्या लोकांनी नोकऱ्यांच्या आशेवर आधीच संमती देऊन टाकली होती. सुरुंगही चालूच राहिले. लोक पंक्चरवालीला म्हणाले, जिंकलीस. तिला ते ऐकवेना.

निकालानंतर दीर आईला भेटायला आला. पंक्चरवाली दारातून हलली नाही.

"मला वाटलं, ते तुम्हाला चांगली जागा देतील," तो म्हणाला.

"रिकाम्या घराला कोण जागा देतं, भाऊजी?"

आतून म्हातारीने हाक मारली, "थोरला आलाय का? येऊ दे त्याला."

ती बाजूला झाली. थोड्या वेळाने आतून म्हातारीचं बोलणं ऐकू आलं: ड्युटी उन्हात असते का, वेळेवर जेवतोस का, किती वाळलायस. पंक्चरवालीला सगळ्यात जास्त राग त्या वेळी आला, आणि तो कोणावर काढावा हेच तिला कळेना. ती दुकानात गेली. खाणीच्या एका डंपरचं टायर रिमला घट्ट चिकटून बसलं होतं. तिने घण उचलला.