अप्पांच्या पेशी

धर्मापुरीत शिवलिंगप्पांचं कापडाचं दुकान होतं. सत्त्याण्णव साली त्यांची मुलगी शिवगंगा पुण्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर पीएचडी करत होती, आणि त्याच वर्षी अप्पांना तोच आजार निघाला. अंबाजोगाईला सर्जननी पोट उघडलं, यकृतापर्यंत पसरलेलं बघितलं आणि तसंच शिवून टाकलं.

अप्पा मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले, "आमची गंगा ह्याचीच दवा काढायलीय."

दिवाळीत ती घरी आली, तेव्हा पोटात पाणी साचून ते खाटेला खिळले होते.

"तिकडं नेमकं काय करतीस, सांग बरं."

"पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतेत, अप्पा. वाढीचा निरोप घेणारे. कॅन्सरच्या पेशीवर ते लई असतेत. 'वाढ, मरू नको' एवढंच तिला सारखं कळत राहतं. आमी ते बंद करतो. मग काचेच्या बशीत पेशी मरतेत."

"मग माझ्या कावून मरंनात?"

हे तिला कधीतरी सांगावंच लागणार होतं. तिनं त्यांचा हात धरला. "बशीतलं माणसाला द्यायला अजून लई वर्षं लागतेत. तुमच्यापर्यंत न्हाई पोचणार ते, अप्पा."

आई, रुक्मिणीबाई, पदर तोंडाला लावून आत गेली. अप्पा आढ्याकडं बघत पडून राहिले.

"बशीतल्या पेशी कुणाच्या असतेत?"

"कुणा ना कुणा पेशंटच्या."

"मग माझ्याबी ने. कुणाच्या तरी कामी येतील."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोटातलं पाणी काढलं. त्यात कॅन्सरच्या पेशी होत्या; सर्जननी त्यातलं थोडं निर्जंतुक बाटलीत भरून दिलं. बर्फाचा थर्मास मांडीवर धरून ती एसटीनं पुण्याला गेली.

संक्रांतीच्या आधी अप्पा गेले. लिंगायत रीतीनं कपाळाला भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन, बसवूनच त्यांना माती दिली.

ती पुण्याला परतली तेव्हा प्रयोगशाळेतली बशी अप्पांच्या पेशींनी गच्च भरली होती. सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींना बिलगलेल्या, टवटवीत. ह्यांनीच अप्पांना खाल्लं होतं. आणि अप्पांचं जिवंत असं आता एवढंच होतं. ती त्यांचं पोषकद्रव्य बदलत राहिली, पण त्यांना मारायचा प्रयोग काही करेना.

शेवटी तिच्या मार्गदर्शक रोहिणी मॅडम म्हणाल्या, "मी करू का?"

"नको. त्यांनी माझ्या हातात दिल्यात."

रिसेप्टर बंद करणारं द्रव्य तिनं स्वतः घातलं. काही दिवसांत बऱ्याच पेशी गोल होऊन सुटल्या, मरून तरंगू लागल्या. बाकीच्या काचेला घट्ट धरून होत्या. रिसेप्टर बंद असूनही जगत होत्या, वाढत होत्या. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. तेच. म्हणजे त्यांना वाढीचा निरोप दुसऱ्याच कुठल्या वाटेनं मिळत होता, आणि ती वाट आता शोधता येणार होती.

त्या रविवारी तिनं धर्मापुरीला शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून घेतलं.

"त्यांचं कामी आलं का गं?"

"आलं, आई."

"मेल्या का मग त्या?"

शिवगंगाला खोटं बोलवेना. "सगळ्या न्हाई."

पलीकडं रुक्मिणीबाईंचा हुंदका फुटला, आणि एसटीडी बूथच्या काचेला कपाळ टेकून शिवगंगाही, अप्पा गेल्यापासून पहिल्यांदाच, मोठ्यानं रडली.