बोर्डिंगात उंदीर पडला तेव्हा

मुलींनी मला घाबरावं असं मला वाटायचं. आज हे सांगताना लाज वाटते, पण त्या वेळी त्यात मला काहीच वावगं दिसत नव्हतं. सोलापुरात मुलींच्या हायस्कूलला जोडलेलं ते लहानसं बोर्डिंग, माढा, मोहोळ, अक्कलकोटकडून आलेल्या अकरा मुली, आणि त्यांच्यावर सुपरिंटेंडेंट म्हणून मी एकटी. लोकांच्या पोरी सांभाळायच्या तर धाक हवाच, असं माझं म्हणणं. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मुली अंगणात रांगेत उभ्या राहायच्या. मी एकेकीचे हात, नखं, जीभ बघायची आणि विचारायची, कुणाला काही होतंय का? सगळ्या एका सुरात म्हणायच्या, काही नाही, बाई. जिला काही होत असेल तिला मी एरंडेल पाजून दिवसभर उपाशी ठेवायची, तेव्हा कुणाला काही होणार कशाला? आमच्या बोर्डिंगात आजारपण औषधालाही सापडायचं नाही, असं मी कमिटीपुढं तोऱ्यात सांगायची.

एकोणीसशे तीस उजाडायला अजून दोन-तीन वर्षं होती. त्या हिवाळ्यात शेजारच्या पेठेत उंदीर पडायला लागले. ज्यांनी ते दिवस बघितले नाहीत त्यांना यातली भीती कळायची नाही. घरात उंदीर आपोआप मरून पडला की समजायचं, प्लेग दाराशी आला. शहाणी माणसं घराला कुलूप घालून माळावर झोपड्यांत राहायला जायची. जी घरात राहायची त्यांच्यातल्या कुणाला तरी चार-सहा दिवसांत ताप भरायचा, काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची, आणि गाठ आलेलं माणूस बहुधा हाती लागायचं नाही. आमच्या मागच्या गल्लीतले पद्मशाल्यांचे हातमाग एकेक करून थांबले. एरवी त्या खटखटीनं माझं डोकं उठायचं. आता ती ऐकू येईना म्हणून छातीत धस्स व्हायचं.

मी मुलींना गोळा केलं आणि सांगितलं, मेलेला उंदीर दिसला तर हात लावायचा नाही, तडक मला येऊन सांगायचं. इथवर ठीक होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. धाक बसावा म्हणून मी वर जोडलं, की एक उंदीर जरी पडला तरी बोर्डिंग बंद, आणि सगळ्यांची रवानगी आपापल्या घरी. हे बोलताना मी मुलींच्या तोंडाकडे बघायला हवं होतं. निदान चन्नम्माच्या तरी.

चन्नम्मा चौदा वर्षांची. अक्कलकोटच्या बाजूच्या एका खेड्यात तिचा बाप तिप्पण्णा धान्याचा व्यापार करायचा. घरी कानडी, शाळेत मराठी, आणि गणितात सबंध वर्गाला मागं टाकणारी पोर. दिवाळीत बापानं तिचं लग्न ठरवून टाकलं होतं. मी स्वतः त्या गावी जाऊन तिप्पण्णाशी भांडले. शेवटी तो इतकंच कबूल झाला, की बोर्डिंग चालू आहे तोवर पोरगी तुमच्याकडं राहू दे, सुटीतही ठेवून घ्या. पण एकदा का ती घरी परत आली, की पुढचा मुहूर्त धरणार आणि मग शाळेचं नाव काढायचं नाही. हा करार चन्नम्माला ठाऊक होता. तिच्यासमोरच झाला होता.

एक आठवडा गेला. आमच्याकडे उंदीर काही पडला नाही. पेठेत सगळीकडे पडताहेत आणि आमच्याच घरात नाहीत, याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला वाटला अभिमान. माझी झाडलोट, माझी शिस्त! स्वयंपाकाच्या चंद्रव्वानं मध्येच तक्रार केली, की चुलीजवळची सांडशी सारखी जागेवर नसते, न्हाणीपाशी ओली पडलेली मिळते. मी तिलाच झापलं.

रविवारी दुपारी मी कशासाठी तरी मागच्या अंगणात गेले. न्हाणीमागं भांडी घासायच्या राखेचा ढीग होता, तिथं चन्नम्मा उकिडवी बसून खुरप्यानं राख सारखी करत होती. मला बघून ताडकन उभी राहिली. काय करतेस म्हणून विचारलं तर तिनं खुरपं पाठीमागं लपवलं. मी तिच्या हातातलं खुरपं ओढून घेतलं आणि ढीग उकरला. आत कागदाच्या पुड्या होत्या, वाणी बांधतो तशा नीट बांधलेल्या. कागदावर तिची गणितं होती. एका पुडीतून शेपूट बाहेर आलं होतं.

पाच पुड्या निघाल्या. मी न्हाणीच्या कट्ट्यावर बसले. पहिला कधी, कुठं, असं मी विचारत गेले आणि ती खालच्या आवाजात सांगत गेली. पहिला सोमवारी, ज्वारीच्या खोलीत. मग दोन उंदीर मुलींच्या ट्रंकांमागं, जिथं अकराजणी झोपत होत्या तिथं. सांडशीनं उचलले, पण पुडी बांधताना हात लागला असेल. बाकीच्या मुलींना माहीत होतं. धाकटी बजा दारात उभी राहून मी येते का ते बघायची. म्हणजे अकराच्या अकरा जणींना आठवडाभर माहीत होतं आणि मला सांगावंसं एकीलाही वाटलं नव्हतं. का सांगितलं नाहीस, असं मी ओरडून विचारलं.

"बाई, तुमीच म्हनालात की, एक उंदीर पडला तर सगळ्या घरी," ती म्हणाली. "मी घरी गेले की माजं लगीन हाय."

खरं सांगायचं तर त्या कट्ट्यावर बसून थोडा वेळ माझ्या मनात पाप आलं. पाचच तर उंदीर, आणि तेही पुरलेले. राख परत ओढून घ्यावी, खोल्या धुऊन घ्याव्यात, गप्प बसावं. पोरीचं शिक्षण वाचेल, आणि माझा आसराही; कारण त्या बोर्डिंगाखेरीज मला दुसरं घर नव्हतं. एवढ्यात न्हाणीच्या दारात बजा येऊन उभी राहिली. तिची चोरी पकडली गेली होती, म्हणून रडवेली झाली होती, आणि रडता रडता पोटरी खाजवत होती. पोटरीवर पिसवा चावल्याचे लाल ठिपके होते, आणि मेलेल्या उंदरांवरच्या पिसवाच प्लेग आणतात. मी उठले, चपला घातल्या आणि म्युनिसिपालिटीच्या डॉक्टरांकडे चालत गेले.

वाटेत मी तिप्पण्णाला काय तोंड दाखवायचं याचाच विचार करत होते. डॉक्टरांनी मात्र वेगळंच सांगितलं. एकही मुलगी घरी पाठवायची नाही, ते म्हणाले, नाहीतर अकरा गावांत प्लेग पोचेल. सगळ्यांना शहराबाहेर माळावर बांबूच्या तट्ट्याच्या झोपड्यांत हलवा आणि दहा दिवस तिथंच ठेवा. मी ते वाक्य गच्च धरून ठेवलं. त्याच दिवशी कमिटीला लिहून कळवलं, की बोर्डिंग बंद केलेलं नाही, जागा तेवढी बदलली आहे.

माळावर गेल्या गेल्या डॉक्टरांनी सगळ्यांना टोचलं. त्या लशीनंच दोन दिवस सणसणून ताप येतो, हे त्यांनी सांगितलं होतं, पण सांगून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी सहाजणी तापानं फणफणल्या. हा लशीचा की तो, कळायला मार्ग नाही. मी या खाटेवरून त्या खाटेवर जायची, कपाळाला हात लावायची, काख चाचपायची.  शेजारच्या झोपड्यांच्या ओळीतून रोज कुणाचं तरी प्रेत उचललं जायचं. पहिल्या दिवशी मुली तिकडे बघत होत्या, नंतर त्यांनी बघायचं सोडून दिलं. मी तर त्या बाजूला तोंडच करत नव्हते. आयुष्यात इतकी मी कधी भ्याले नव्हते.

त्या झोपड्यांत मी सकाळची तपासणीची रांग मोडली. मुलींना जवळ बसवून म्हटलं, की आजपासून जी मला काही होतंय असं सांगेल तिला एरंडेल नाही, बोलणी नाहीत आणि घरी पाठवणं तर नाहीच. फक्त सांगा. मुली माझ्याकडे संशयानं बघत राहिल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांचे ताप उतरले. चौथा गेला, पाचवा गेला. बजाच्या पोटरीवरचे ठिपके सुकले. सहाव्या दिवशी चंद्रव्वाच्या भाकऱ्यांना तट्ट्याचा वास येतो यावरून मुली हसल्या आणि त्यांच्याबरोबर मीही हसले. वाटलं, सुटलो. दुपारी मी झोपडीच्या दारात सुपात ज्वारी निवडत बसले होते. चन्नम्मा आली आणि समोर उभी राहिली.

"बाई, काखेत दुखतंय. सकाळपासनं," ती म्हणाली. "तुमी सांगा म्हनला होता, म्हनून सांगते."

हेच तर मी मागितलं होतं. आणि मी काय केलं? मी उठून एक पाऊल मागं सरले. ठरवून नाही, मनात काही यायच्या आत पाय सरकला. सूप पडलं, ज्वारी सांडली. तिनं ते पाऊल बघितलं. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. ती स्वतःच दोन पावलं मागं गेली.

"तुमी लांबच थांबा, बाई," ती म्हणाली. "बाकीच्या दहाजणी हायत की तुमाला."

मग मी तिच्याजवळ गेले. तिच्या काखेत हात घातला. सुपारीएवढी गाठ हाताला लागली, कढत. मी डॉक्टरांना बोलवायला सांगितलं. चंद्रव्वा धावत गेली. दहा मुली तिच्या हवाली करून मी चन्नम्माबरोबर रोग्यांच्या झोपडीत राहायला गेले.

लोकांनी त्याला माझं धैर्य म्हटलं. मी त्यांना तसं म्हणू दिलं. आत नऊ दिवस मी थरथरतच होते. ती तापात कानडीत आईशी बोलायची, मधेच गणितं सोडवायची. डॉक्टर म्हणाले, हिनं दुखायला लागल्याबरोबर सांगितलं, लगेच आडवी झाली, म्हणून थोडी आशा आहे; बाकीची माणसं लपवतात, कामं करत राहतात, आणि आमच्याकडे येतात ती चौघांच्या हातांवरून. तिप्पण्णा आला, आणि रोग्यांच्या झोपड्यांभोवती बांधलेल्या दोराबाहेर दिवसभर उभा राहिला. आत यायला त्याचे पाय उठले नाहीत.  त्याला नावं ठेवायचा मला कुठं अधिकार होता? आठव्या दिवशी गाठ फुटली, नवव्या दिवशी ताप उतरला आणि तिनं भाकरी मागितली. मी बाहेर येऊन तिप्पण्णाला ते सांगितलं आणि दोराच्या अलीकडे-पलीकडे आम्ही दोघं रडलो. बाकी दहाजणींना काही झालं नाही. मधल्या काळात नवऱ्या मुलाकडच्यांनी दुसरी मुलगी बघितली, आणि चन्नम्मा पुढं मॅट्रिक झाली.

आता ती एका शाळेत गणित शिकवते. दर वर्षी मे महिन्यात मला भेटायला येते, दुपारभर बसते. बजाचं काय चाललंय ते सांगते, चंद्रव्वाच्या भाकऱ्या आठवून हसते, पुड्या बांधताना किती भीती वाटली होती तेही सांगते. झोपड्यांतलं सगळं तिला आठवतं. फक्त त्या दुपारच्या माझ्या पावलाबद्दल ती कधी बोलत नाही. ती ते विसरली असेल, किंवा मला वाईट वाटू नये म्हणून ते गाळत असेल. दर वर्षी मी तिला विचारायचं ठरवते. ती जायला निघते, मी तिला कोपऱ्यापर्यंत पोचवायला जाते, आणि तिथवर जाऊनही मला धीर होत नाही.