डाव्या अंगठ्याचं विमान

आठवीच्या पोरांना वर्षभर गणित शिकवणाऱ्या बाईला दसऱ्याच्या दुपारी एकच गोष्ट हवी असते, झोप. पण अमिताच्या नशिबात झोप कुठली! श्रीखंड-पुरी खाऊन अन्नपूर्णा वस्तीतली सगळी गल्ली घोरत पडली होती आणि ही बया टीव्हीसमोर फरशीवर बसून एका काळ्या डबीची मनधरणी करत होती. टीव्ही मात्र पुनःपुन्हा तेच सांगत होता, की बाहेरची डिस्क सापडत नाही.

"डिस्कची लाइट लागतेय का, ताई?" फोनवर अश्विनने विचारलं. अश्विन म्हणजे तिचा धाकटा भाऊ, बंगलोरला असतो.

"लागते नि बुझते."

"दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघ."

"लावली, भिया. दोन्ही पोर्टमध्ये लावली. कन्सोल बंद करून चालू केला, प्लग काढून परत घातला. सगळं करून बसलेय. तू तिथे एसीत बसून ज्ञान देऊ नकोस."

तिच्या मागे खुर्चीत बाबा बसले होते. सुधाकरराव. फेब्रुवारीत त्यांना लकवा मारला आणि डावी बाजू गेली. पाय पुष्कळसा परत आला, काठी घेऊन घरात फिरत होते. हात मात्र रुसून बसला. शमिका नावाची फिजिओथेरपिस्ट होती, तिच्याकडे एक दिवसाआड जायचं. अमिता शाळा सुटली की धावत घरी येई, बाबांना जिन्यातून उतरवी, ऑटोत बसवी, तिथे तास घालवी आणि परत तीच वरात घरी आणी. नाकी नऊ आले होते तिच्या. शमिका दर वेळी सांगायची, "अंगठा हलवत राहा काका, आत्ताचेच महिने महत्त्वाचे आहेत." बाबा हो म्हणायचे आणि अंगठा ढिम्म हलायचा नाही.

मग मे महिन्यात अश्विन आला आणि आपला वापरून झालेला, टीव्हीला लावायचा गेमचा कन्सोल ठेवून गेला. त्यात त्याने इम्युलेटर टाकलं. म्हणजे ही भावंडं लहानपणी कॅसेट खुपसून जे गेम खेळायची, ते नव्या मशीनवर चालवणारं सॉफ्टवेअर. गेम सगळे त्या बाहेरच्या डिस्कवर. त्यातला विमानाचा गेम बाबांना आवडला. नदीवरून विमान न्यायचं, काठाला आपटू द्यायचं नाही. हातातल्या कंट्रोलरला दोन दांड्या; डाव्या अंगठ्याने डावी दांडी ढकलून विमान वळवायचं आणि उजव्याने बटण दाबून गोळ्या मारायच्या. "खेळच्या खेळ आणि एक्सरसाइजची एक्सरसाइज," असं अश्विन जाताना म्हणाला होता.

आणि खरोखर विमान उडायला लागलं हो! पहिल्यांदा अडखळत, मग झोकात. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून अमिता बघायची. बाबा मांडीवर शाल घेऊन बसलेले, शालीत दोन्ही हात आणि कंट्रोलर, आणि पडद्यावर विमान डावीकडे, उजवीकडे सुळसुळ चाललेलं. तिला भरून यायचं. जुलैमध्ये बाबा म्हणाले, "आता शमिकाकडे कशाला? घरीच होतंय की." अमिताने फार आढेवेढे घेतले नाहीत. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं.

म्हणून आज ही डिस्क चालायला हवी होती. ती बंद म्हणजे अंगठा बंद, आणि अंगठा बंद म्हणजे परत ते जिने, त्या ऑटो.

"राहू दे गं आज," बाबा मागून म्हणाले. "सणाचा दिवस आहे."

"राहू दे कसं? एक दिवस गॅप पडला की पडतच जातो. तुम्ही बसा."

तिने वायर जरा दाबून धरली आणि पडद्यावर एकदम प्रश्न आला. ही डिस्क गेमसाठी तयार करायची का? इतका वेळ ती हो-हो दाबून कंटाळली होती, त्याच तंद्रीत तिने हेही दाबलं. आणि मग खालची ओळ मोठ्याने वाचली, की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.

"अगं यार ताई!" अश्विन ओरडला. "गेमसाठी नाही, मीडियासाठी, साध्या फायलींसाठी ठेवायची असते ती! गेमसाठी फॉरमॅट झाली की इम्युलेटरला दिसतच नाही."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

तेवढ्यात डिस्क परत गायब. अमिताने ती उपटून लॅपटॉपला लावली. तिथेही नाही. शेवटी वायर काढून, फोनच्या टॉर्चचा उजेड पाडून तिने डिस्कच्या खाचेत डोकावून बघितलं आणि कपाळाला हात लावला. आत हळदकुंकवाचा लाल लगदा वाळून बसला होता.

"आई!"

इंदुमतीबाई पदराला हात पुशीत आल्या.

"या डबीला काय केलंस?"

"पूजा केली. खंडेनवमीला विळी, कात्री, तुझा लॅपटॉप, सगळं पाटावर मांडलं होतं ना? त्यात तीही ठेवली." आईने डबीकडे पाहिलं. "तिला जरा जास्तच वाहिलं. बोट ओलं होतं, गेलं असेल आत."

लॅपटॉपला झाकणावर एक टिळा आणि डबीला मात्र अभिषेक! अमिताला हसावं की रडावं कळेना. दात कोरायची काडी आणि जुना ब्रश घेऊन ती खाच साफ करत बसली. लाल भुगा फरशीवर पडत राहिला. पाठ मोडून आली, पण वायर लावल्याबरोबर लाइट लागली आणि लागलेलीच राहिली. डिस्क अर्थातच कोरी होती. तिने ती लॅपटॉपवर परत साध्या पद्धतीने फॉरमॅट केली. गेमची कॉपी अश्विनने लॅपटॉपवर ठेवलेली होतीच, ती तिने डिस्कवर टाकली.

"चला, झालं," ती फोनवर म्हणाली.

अश्विनने घाईने अडवलं. "ताई, एक मिनट. सेटिंगची फाइलपण डिस्कवरच होती, ती गेली असणार. तू आज चालू करू नकोस. संध्याकाळी बाबांशी बोलून मी करतो."

"सेटिंगचं काय एवढं? चालतंय तर." तिने फोन ठेवून दिला. दिवसभर ज्ञान देणाऱ्या माणसाचं आणखी किती ऐकायचं!

गेम सुरू झाला. तिने कंट्रोलर बाबांच्या मांडीवर शालीखाली ठेवला आणि पहिल्यांदाच दारात न जाता शेजारी वेताच्या मोढ्यावर बसली. विमान निघालं, सरळ गेलं आणि काठाला आपटलं.

"वळवा ना बाबा."

विमान परत आपटलं. गोळी नाही, वळण नाही, काही नाही. आता कंट्रोलर बिघडला की काय! दुष्काळात तेरावा महिना. तिने तो स्वतः घेतला, डाव्या अंगठ्याने दांडी ढकलली. विमान डौलात वळलं.

"चालतंय की," ती म्हणाली आणि कंट्रोलर परत देताना तिने बाबांच्या मांडीवरची शाल बाजूला केली. बाबांचा उजवा अंगठा उजव्याच दांडीवर गेला आणि ती दांडी जिवाच्या आकांताने ढकलू लागला. डावा हात मांडीवर पडलेला होता, तळवा वर, फेब्रुवारीत होता तसा.

अमिता बघतच राहिली. या सगळ्या संध्याकाळी ती विमान बघत आली होती. अंगठा बघितलाच नव्हता.

"अश्विनने सेटिंगमध्ये सगळं उजव्या हातावर करून दिलं होतं," बाबा म्हणाले. "मीच सांगितलं त्याला. तुला सांगू नको म्हटलं."

"का?" तिचा आवाज चढला. "अहो, डॉक्टरलासुद्धा मी सांगून आले की हात सुधारतोय! शमिकाला बंद केलं! तीन महिने घालवले बाबा, तीन महिने! का?"

"तू एकदा जिन्यात बसून रडलीस," बाबा म्हणाले. "मला वर सोडून पिशवी आणायला खाली गेलीस तेव्हा. मी कठड्यावरून पाहिलं." त्यांचे ओठ डावीकडे अजून जरा ओघळायचे, म्हणून ते थांबून थांबून बोलायचे. "आणि विमान उडलं की हसायचीस. मला तेवढं पुरे होतं."

अमिता आईकडे वळली. आई रोज त्या हाताला साबण लावायची, सदऱ्याची बाही चढवायची. तिला माहीत नसेल कसं?

"मला वाटलं," इंदुमतीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "सगळे म्हणताहेत हात चालतो, तर देवी चालवेल खरंच."

अमिताला संताप आला. बाबांचा आला, अश्विनचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा, कारण सुटल्यासारखं वाटलं होतं ते तिलाच. पण भांडायला अंगात त्राण हवं. तिने फोन उचलला आणि शमिकाला मेसेज टाकला, की उद्यापासून परत येतो. फोन वाजायला लागला, अश्विनचा होता. तिने तो पालथा घातला.

मग तिने मोढा आणखी जवळ ओढला. बाबांचा डावा हात उचलून कंट्रोलरवर ठेवला, एकेक बोट वळवून बसवलं, अंगठा दांडीवर टेकवला आणि त्यावर स्वतःचा अंगठा ठेवला.

"ढकला."

विमान आपटलं.

"परत. ढकला बाबा."

परत आपटलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. आई दारात उभी होती ती हललीच नाही. तिसऱ्या की चौथ्या खेपेला, आपटता आपटता विमान जरासं, अगदी जरासं डावीकडे सरकलं. अमिता पुढे वाकली.

"तुम्ही केलंत?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. हो म्हणणं त्यांना किती सोपं होतं.

"नाही गं," ते म्हणाले. "तूच ढकललंस."

अमिताने मान हलवली आणि गेम पहिल्यापासून लावला.