तांब्याच्या आकड्याची काठी

मी एक जुनी वेळूची काठी आहे. लांबीला हातभर, टोकाला तांब्याचा आकडा, आकड्यापासून निघालेली एक तार आणि तारेच्या शेवटी चिमटा. पाहणाऱ्याला वाटते, माळ्यावरचे काही ओढून काढायची काठी असावी. मित्रांनो, माझे काम वेगळे होते. माणसाचा हात जिथे जाणार, तिथे त्याच्या आधी मी जायचे.

माझा जन्म पिंपळनेरकडच्या डोंगरातला. निंबा मास्तर तेव्हा पिंपळनेरच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांची धुळ्याला बदली झाली, तेव्हा बाजारातून घेतलेल्या वेळूंच्या जुडीत मीही आले. बाकीचे वेळू परसात एरियलला आधार म्हणून उभे राहिले, कारण मास्तरांनी परवाना काढून घरी हौशी रेडिओ केंद्र सुरू केले होते. संध्याकाळी ते दूरदूरच्या माणसांशी बोलत. आवाज आणखी लांब जावा म्हणून त्यांनी स्वतः एक अँप्लिफायर बांधला. पत्रा वाकवून पेटी केली, फ्रिजच्या तांब्याच्या नळीची कॉइल गुंडाळली. पेटवल्यावर आतला काचेचा व्हॉल्व्ह कंदिलासारखा उजळे.

पण त्या पेटीत दीड हजार व्होल्ट असत. प्लग काढला तरी ते लगेच जात नाहीत. कंडेन्सर नावाच्या डब्यांत ते साठून राहतात, आणि नंतर हात लावणाऱ्याची वाट पाहतात. तो साठा हळूहळू उतरवायला आत एक रेझिस्टर जोडलेला असतो.

"रेझिस्टर पण थकतो," मास्तर म्हणत.

म्हणून त्यांनी मला घडवले. उन्हात कडकडीत वाळवले, वार्निश दिले, आकडा बसवला, जाड लाल वेष्टणाची तार जोडली. चिमटा पेटीच्या पत्र्याला लावायचा, मग आकडा कंडेन्सरला टेकवायचा. साठा उरला असेल तर 'टक्' आवाज होई, निळी ठिणगी उडे, आणि सगळी वीज माझ्या तारेतून पत्र्यात आणि तिथून जमिनीत जाई. नसेल तर मी गप्प राही.

पहिल्याच वर्षी एकदा मी वाजले. रेझिस्टरची जोडणी सुटली होती. मास्तरांनी ती पुन्हा पक्की केली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "सुगंधा, दसऱ्याला हिलाही हळदकुंकू लाव."

"काठीले?" मास्तरांच्या पत्नी सुगंधाबाई आतून म्हणाल्या. "बठ्ठं घर तारस्नी भरी टाकं, आते काठीनी पूजा करू?"

पण दसऱ्याला त्यांनी ते केले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला दिवस.

पुढे कित्येक वर्षे मी वाजले नाही. रेझिस्टर त्याचे काम करत होता. मी टेकत असे, गप्प राहत असे, आणि मास्तर निर्धास्तपणे हात आत घालत. एकदा चहा आणताना सुगंधाबाईंचा पाय माझ्या लोंबत्या तारेत अडकला आणि गुडघा फुटला. तेव्हापासून मास्तर काम झाले की तार माझ्याभोवती घट्ट गुंडाळत, रोज त्याच जागी, त्याच वळणाने. नीटनेटका माणूस होता. वेष्टण लाल, गुळगुळीत, नव्यासारखे दिसे. त्याच्या आत काय होत होते, ते कोणाला दिसत नव्हते.

एक्याण्णवच्या मे महिन्यात जळगावच्या रुपचंदभाऊंचा निरोप आला. ते कापडाचे व्यापारी. त्यांना रेडिओचा नाद मास्तरांनीच लावला होता, आणि त्यांचा अँप्लिफायरही मास्तरांनीच बांधून दिला होता. तो मुका झाला होता. मास्तर मला पिशवीत घालून एसटीत बसले. आकडा बाहेर डोकावत होता.

"काय मास्तर, ढोरं चाराले चालनात का?" कंडक्टरने विचारले.

"नही रे भो, ईज हाकाले चालनू," मास्तर म्हणाले. वीज हाकायला निघालेला मास्तर म्हणून गाडीतली माणसे हसली.

रुपचंदभाऊंच्या घरी पेटी देवघराशेजारच्या खोलीत होती. उन्हाचा ताव कमी व्हावा म्हणून फरशीवर पाणी शिंपडले होते. मास्तर घरी लाकडी फळीवर उभे राहून काम करत. इथे त्यांनी रबरी चपला दाराशीच काढल्या.

"मास्तर, राहू द्या ना चपला."

"देवघराजवळ? नको भाऊ. ही आहे ना सोबत." त्यांनी मला उचलून दाखवले.

प्लग काढला. चहा झाला. चिमटा पत्र्याला लागला, आकडा कंडेन्सरला टेकला. आवाज नाही. पुन्हा टेकला. नाही.

"शांत आहे," मास्तर म्हणाले. वीज एका हातातून दुसऱ्यात छातीवाटे जाऊ नये म्हणून त्यांनी डावा हात नेहमीप्रमाणे खिशात घातला आणि उजवा आत नेला.

तेव्हा टक् वाजले. ती मी नव्हते.

रुपचंदभाऊंनी त्यांना मागे ओढले. छाती दाबत राहिले, हाका मारत राहिले. डॉक्टर आले तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते.

तेराव्यानंतर रुपचंदभाऊ धुळ्याला आले. मान वर होत नव्हती. मास्तरांची मुलगी सुनंदा एम.एस्सी. करत होती. तिने मला समोर ठेवले आणि शेजारी तार तपासायचा मीटर.

"काका, तुमच्या पेटीतला रेझिस्टर तडकला होता. मीच उघडून पाहिला. पण तेवढ्याने हे झालं नसतं."

तिने माझी तार दोन्ही हातांनी ताणली. गुंडाळीच्या जागी ती रबरासारखी लांबली. तिने वेष्टण कापले. आत तांब्याचे सगळे धागे तुटून काळे पडले होते. "रोज त्याच जागी वाकून तुटले," ती म्हणाली.

"म्हणजे काठी मेलेली होती?" रुपचंदभाऊंनी विचारले.

"हो. आणि पेटी रिकामी असली की चांगली काठी गप्प राहते. मेलेली काठी नेहमीच गप्प राहते. आप्पांनी त्या गप्प राहण्यालाच उत्तर समजलं."

रुपचंदभाऊ रडले. सुनंदा रडली नाही. सुगंधाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले आणि त्या आत गेल्या. लुगड्याआड गुडघ्यावरचा जुना वण होता.

मला चुलीत घालतील असे मला वाटले होते. सुनंदाने मला नवी तार जोडली, पारदर्शक वेष्टणाची, आतला प्रत्येक धागा दिसेल अशी. ती गुंडाळत नाही, मोठ्या सैल वेढ्यांत खिळ्यावर टांगते. पुढे तिने वडिलांची पेटी पुन्हा चालू केली, पण उघडण्याआधी ती मला तपासते. टॉर्चचा सेल आणि छोटा दिवा माझ्या दोन टोकांना जोडते. दिवा लागला तरच मी कामाची.

मित्रांनो, तुम्हाला राखणारी एखादी वस्तू तुमच्याही घरी असेल. ती वर्षानुवर्षे गप्प आहे म्हणून ती धड आहे असे समजू नका. तिला विचारा. दरवेळी विचारा.

दसऱ्याला आता मला कोणी हळदकुंकू लावत नाही. सुगंधाबाई माझ्याकडे पाहतही नाहीत. पण सुनंदाने पेटीचे झाकण हातात घेतले की स्वयंपाकघरातले भांड्यांचे आवाज थांबतात, आणि आतून हाक येते, "दिवा लागना का वं?"

"लागला, माय."

मग भांडी पुन्हा वाजू लागतात.