काळ्या काचेसमोर बसलेली आई

मी बोलतेय, काळी काच. तळहाताएवढी, चौकोनी. डोळ्यांपुढे धरलीत तर भरदुपारीही समोरचं माणूस दिसायचं नाही. मी ना चष्म्याची, ना खिडकीची. कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसते. बाहेर प्रकाशाची ही गर्दी उसळलेली असते आणि मी दारावरच्या खडूस रखवालदारासारखी हजारातल्या एखाद्यालाच आत सोडते.

तुम्ही म्हणाल, फोटोला उजेड लागतो, मग तो अडवणारी ही बया हवीच कशाला? मलाही बरेच दिवस हेच कोडं होतं.

कारखान्यात मला भट्टीतून काढलं, घासलं, पुन्हा पुन्हा घासलं. तपासणाऱ्या बाईंनी मला दिव्यासमोर धरलं, पलीकडचं काहीच दिसलं नाही म्हणून समाधानाने मान हलवली आणि डबीत ठेवलं. जन्मल्या जन्मल्या असं कौतुक कुणाच्या वाट्याला येत असेल!

दुकानात माझ्या शेजारी गोल काचा होत्या. त्यांना भारी तोरा. भिंगाच्या तोंडावर आट्यांनी फिरवल्या की झालं काम. मला मात्र आधी एक कडी लागते, कडीवर खाचांची चौकट लागते, मग त्या खाचेत मी सरकते. हा सगळा लवाजमा पाहूनच गिऱ्हाईक काढता पाय घ्यायचं.

एके दिवशी एक फोटोवाला आला. त्याचा छोटासा स्टुडिओ होता. दिवसभर ओळखपत्रांचे फोटो. ‘हनुवटी वर. हसू नका. हलू नका.’ हे तो झोपेतही म्हणतो, असं त्याची बायको सांगते. सुट्टीच्या दिवशी माणसांचा वीट आला की तो डोंगर नि तळी टिपायला निघायचा.

“गोलच घ्या, सुटसुटीत पडते,” दुकानदार म्हणाला.

“गोल आहे हो माझ्याकडे. सगळं जुळवून झाल्यावर ती फिरवत बसवायची, तेवढ्यात भिंग हलतं आणि सगळं मुसळ केरात. परवा थंडीत अशी अडकली, की रबर गुंडाळून दोघांनी पिरगाळली तेव्हा सुटली.”

“मग ही चौकोनी बघा. आधी दृश्य नीट जुळवा, मग हिला अलगद खाली सरकवा. नको झाली की वर उचला. भिंगाला धक्का नाही. पण सांगून ठेवतो, घाईच्या माणसाचं हे काम नव्हे.”

“घाई रोजचीच आहे. तिच्यापासून तर पळतोय,” फोटोवाला म्हणाला, आणि मी त्याच्या घरी आले. सोबत माझी बहीण होती, वरून काळी नि खालून स्वच्छ. आभाळ फार उजळलं तर ती तेवढंच दाबून धरते.

“अंधार विकत आणलास?” बायकोने मला उलटसुलट करून पाहिलं. “तो तर फुकट मिळतो की रे!”

कोपऱ्यात बसलेली त्याची आई खुदकन हसली. ही आई दुकानांच्या पाट्या रंगवायची. पट्टी न लावता सरळ रेघ ओढावी ती हिनेच, अशी तिची ख्याती होती. स्टुडिओच्या दारावरची पाटीही तिचीच. फक्त तिचं शेवटचं अक्षर नागमोडी आलंय. ते रंगवतानाच हात पहिल्यांदा थरथरले. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. तेव्हापासून तिने कुंचला ठेवला आणि हात शालीखाली घेतले.

फोटोला तर तिचा साफ नकार. फोटोवाल्याच्या घरात गिऱ्हाइकांनी न नेलेल्या फोटोंचा डबा ओसंडून वाहत होता, पण आजारानंतरचा आईचा एकही फोटो नव्हता. थरथर महिन्यागणिक वाढत होती. आई आहे तोवर तिचा एक तरी फोटो हवा, हे त्याच्या मनात घर करून होतं. मात्र तिला भरीस घालायचा धीर होत नव्हता.

पहिल्यांदा त्याने मला गजबजलेल्या पुलासमोर लावलं. घरी येऊन आईला फोटो दाखवला. पूल होता, दिवे होते. माणूस एकही नव्हतं.

“अरे, लोक कुठे गेले?”

“चालत होते ना. ही काच लावली की कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. हलतं ते पुसलं जातं, थांबतं ते उमटतं.”

आई पुष्कळ वेळ त्या रिकाम्या पुलाकडे बघत राहिली. “बरं आहे की,” एवढंच म्हणाली.

मग तो तळ्याचा दिवस आला. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत फिरायला सांगितलं होतं, म्हणून आईही बरोबर होती. संध्याकाळ उतरत होती, वाऱ्याने पाणी सारखं चुळबुळत होतं. त्याने तिवई रोवली, दृश्य जुळवलं आणि मला खाचेत सरकवलं.

“आई, जरा बाजूला हो ना. चौकटीत येतेस.”

“बसू दे रे इथेच पायरीवर. मी सारखी हलतेच आहे. माझं कुठे काय उमटणार? तूच म्हणालास ना, हलतं ते पुसलं जातं.”

त्याने बटण दाबलं आणि कॅमेरा उघडला. त्याच्या मनातली घालमेल मला कळत होती. गप्प बसला असता तर हवा तो फोटो आयता मिळाला असता. पण त्याच्याने राहवलं नाही.

“आई, खोटं नको. पुसले जातील ते फक्त हात. तू स्थिर आहेस, तू उमटशील. नको असेल तर आत्ता ऊठ. आत्ता उठलीस तर सावलीसुद्धा राहणार नाही.”

आईची शाल जोरजोरात हलू लागली. आता ही उठणार, असं मला वाटलं आणि माझ्या काळजात धस्स झालं. हो, काचेलाही काळीज असतं!

तिने शाल बाजूला केली. दोन्ही हात बाहेर काढले, मांडीवर ठेवले आणि समोर पाहत बसून राहिली. दिवसभर लोकांना ‘हलू नका’ सांगणारा तिचा मुलगा शेजारी श्वास रोखून उभा होता.

पाण्याची एकेक लाट उजेड घेऊन माझ्यापाशी येत होती. प्रत्येक वेगळी. मी प्रत्येकीतलं कणभर आत सोडत होते. त्या हातांची प्रत्येक थरथर येत होती, तिच्यातलंही कणभर. आत सगळं एकावर एक निवांत बसत होतं. एकही लाट मी अडवली नाही, तरी फोटोत एकही लाट उरली नाही. मी केवढ्या मोठ्या गोष्टीच्या दारात उभी आहे, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

घरी त्याने फोटो आईपुढे धरला. पायरीवर ती ताठ बसली होती, चेहरा स्पष्ट. पाणी धुक्यासारखं मऊ, आणि मांडीवर हातांच्या जागी तसाच मऊ उजेड.

“पाणी एवढं शांत कुठे होतं?” आईने विचारलं. “सारखं थरथरत होतं की.”

“हो.”

“आणि माझे हातही.”

“हो, आई.”

तिने थरथरतं बोट आधी पाण्यावरून फिरवलं, मग मांडीवरून. “दोन्ही एकसारखंच दिसतंय रे,” ती म्हणाली. डोळे पुसले आणि ठसक्यात म्हणाली, “याचा मोठा काढ. दुकानाच्या दर्शनी भागात लाव, माझ्या पाटीखाली.”

आता दगडावर आपटून माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय, अंगावर दोन ओरखडेही आहेत. तरी प्रत्येक सुट्टीला फोटोवाला मलाच नेतो. स्टुडिओत कुणा म्हाताऱ्या माणसाचे हात हलायला लागले की तो आता म्हणतो, “हलू द्या हो. नुसते बसा.” आणि बोट दाखवतो त्या दर्शनी फोटोकडे.

तुमच्याही घरात फोटो म्हटलं की आतल्या खोलीत जाणारं कुणी असेल. त्यांना एकदा पाण्याकाठी घेऊन जा. मला अलगद खाचेत सरकवा. त्यांना आधी खरं काय ते सांगा, मग गप्प राहून जरा वेळ त्यांच्या शेजारी बसा.