गोर्ना लिश्का : लोकसंख्या शून्य

"त्या वर्षी तुम्ही इथं पाऊल तरी टाकलंत का हो?" ताकाचा पेला पुढे सरकवत त्सोना आजींनी विचारलं.

वेलिच्कोने मान खाली घातली. जिल्ह्याच्या सांख्यिकी कचेरीत तो एकवीस वर्षं कारकून होता. जनगणनेसाठी मुलखाचे गट पाडायचे, कुठलं घर कुठल्या गटात येतं ते नकाशावर आखायचं, हे त्याचं काम. सात वर्षांपूर्वीच्या गणनेला माणसं कमी पडली, तेव्हा त्यालाच प्रगणक म्हणून धाडलं होतं. चौदाव्या गटात दोन वस्त्या होत्या, खालची दोल्ना लिश्का आणि डोंगरावरची गोर्ना लिश्का. फेब्रुवारी महिना, गुडघाभर बर्फ. खालचा दुकानदार म्हणाला, "वर कुणी नाही हो. म्हातारा-म्हातारी लेकीकडे गेलीत. उगाच कशाला पाय मोडून घेताय?"

वेलिच्को दुकानाबाहेर आला तर डोंगरावर एका धुराड्यातून धूर निघत होता. त्याने तो नीट पाहिला. मग परत आत जाऊन, शेकोटीपाशी बसून लिहिलं : गोर्ना लिश्का, लोकसंख्या शून्य.

पुढचं सगळं त्या शून्यावरून ठरत गेलं. आधी दर गुरुवारी येणारी डॉक्टरची गाडी बंद झाली. काही वर्षांनी गावाचं नाव सरकारी यादीतून वगळलं गेलं. तो कागद वेलिच्कोच्याच टेबलावर आला आणि नकाशावरचं नाव त्यानेच काढलं. गेल्या आठवड्यात आजींचा अर्ज आला : ओळखपत्र नवं करून देत नाहीत, म्हणतात असं गावच नाही. तो अर्ज घेऊन वेलिच्को आज पहिल्यांदाच वर आला होता.

"नाही टाकलं पाऊल," तो म्हणाला. "धूर दिसला होता मला, आजी. तरी आलो नाही."

आजींनी खिडकीतून फाटकाकडे पाहिलं.

"आम्ही वाट बघत होतो. मोजायला माणूस येणार, असं रेडिओवर सांगितलं होतं. ह्यांनी दाढी केली, दारापासून फाटकापर्यंतचा बर्फ बाजूला सारला. मी म्हटलं, अहो, तो मोजायला येतोय, मुलगी बघायला नाही!" त्या हसल्या. "पुढच्या हिवाळ्यात ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. गुरुवारच होता."

वेलिच्कोने पेला खाली ठेवला आणि डोळे पुसले.

"गाडी आली असती तर वाचले असते, असं मी म्हणत नाही. ते कुणाला ठाऊक! पण तुम्ही माझ्यासमोर रडू नका. मला ओळखपत्र हवंय."

दुसऱ्या दिवशी त्याने सगळं खरं लिहून साहेबांपुढे ठेवलं.

"वेलिच्को, आकडे छापून सात वर्षं झाली," साहेब म्हणाले. "आता दोन माणसांसाठी अख्ख्या देशाची बेरीज उसवू?"

"हो, साहेब."

साहेबांनी कागद खणात टाकला. "जा, जेवून घे."

मंगळवारी तो आजींना स्वतःच्या गाडीतून ओळखपत्राच्या कचेरीत घेऊन गेला. खिडकीमागच्या मुलीने विचारलं, "पत्ता?"

"गोर्ना लिश्का."

"ते कॉम्प्युटर घेत नाही, आजी. दुसरं सांगा."

आजींनी वेलिच्कोकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"दोल्ना लिश्का लिहा," तो कसाबसा म्हणाला.

मुलीने लिहिलं. "आता इकडे बघा, आजी. फोटोला डोक्यावरचा रुमाल काढावा लागेल."

आजींनी हनुवटीखालची गाठ सोडली, पांढरे केस तळहाताने बसवले आणि ताठ बसून कॅमेऱ्याकडे पाहिलं.